ठरल्या वेळेचा बॅकअप: कमांड लाइनवरून लावणं, थांबवणं, तपासणं

सदाशिव पेठेत दोन खोल्यांचं एक प्रकाशन-कार्यालय आहे असं धरू. कोपऱ्यात लिनक्सचा एक संगणक चालू असतो. त्यावर दिवाळी अंकाची लावलेली पानं, लेखकांचे करार, गेल्या काही वर्षांची बिलं आणि वर्गणीदारांचा डेटाबेस. शेजारी बाहेरची एक हार्ड डिस्क जोडलेली. "बॅकअप आहे ना?" असं विचारलं की उत्तर येतं, "हो, रोज रात्री होतो." ते खरंही असेल. पण "कालचा पुरा झाला का? जुलैतलं मुखपृष्ठ त्यातून आत्ता काढून दाखवता येईल का?" असं विचारलं, की तेच उत्तर जरा अडखळत येतं. बॅकअपची वेळ लावायला दहा मिनिटं पुरतात. तो रोज होतोय, पुरा होतोय आणि उघडतोय हे आपल्याला कळत राहील अशी व्यवस्था करायला मात्र विचार लागतो, आणि कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवायची पद्धत, मला त्यासाठीच महत्त्वाची वाटते. जी आज्ञा तुम्ही हाताने चालवून पाहिली, अक्षरशः तीच घड्याळाच्या हवाली करता येते. ती काय बोलली ते फाइलीत साठवता येतं, आणि जमलं की फसलं हे एका आकड्यावरून समजतं.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

आधी हाताने

लिनक्सवर फाइली कॉपी करायचं रुळलेलं साधन म्हणजे आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये आणलं. दुसऱ्या दिवशी ते सगळं नव्याने कॉपी करत बसत नाही. फाइलीचा आकार आणि बदलल्याची वेळ पाहतं आणि जे बदललं तेवढंच नेतं. अंकाच्या भल्यामोठ्या फोल्डरमध्ये दिवसभरात तीनच लेख हलले असतील, तर तेवढे तीनच जातात. 'आरसिंक -ए', पुढे मूळ फोल्डरचा पत्ता, पुढे बॅकअपच्या फोल्डरचा पत्ता, इतकीच आज्ञा. 'ए'मुळे तारखा आणि परवानग्या जशाच्या तशा राहतात.

दोन ठिकाणी जपायचं. मूळ पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरच्या आतलं सगळं जातं, नाही दिली तर फोल्डरसकट जातं. 'अंक'च्या पोटात दुसरा 'अंक' दिसू लागला की ही रेघ तपासायची. दुसरी जागा जास्त धोक्याची. '--डिलीट' हा पर्याय दिला की मूळ ठिकाणी जे नाही ते बॅकअपमधूनही पुसलं जातं. मूळ पत्ता चुकून रिकाम्या फोल्डरचा पडला, तर आरसिंक प्रामाणिकपणे सगळा बॅकअप रिकामा करेल. म्हणून नवी आज्ञा आधी '-एन' लावून चालवावी. त्यात काहीच घडत नाही. सोबत '-व्ही' दिलं तर काय घडलं असतं त्याची यादी मिळते. ती यादी खरोखर वाचावी.

बाहेरच्या डिस्कचा एक सापळा मी फार जपून सांगतो, कारण तो दिसतच नाही. लिनक्समध्ये डिस्क एखाद्या फोल्डरच्या जागी जोडली जाते. डिस्कची वायर निघाली तरी ते फोल्डर जागच्या जागी राहतं, फक्त रिकामं. रात्री आरसिंक येतं, त्याला फोल्डर रिकामं दिसतं, आणि ते सगळा डेटा त्यात, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्याच डिस्कवर उतरवतं. कुठेही चूक नोंदली जात नाही. काही दिवसांनी आतली डिस्क गच्च भरते आणि तोवर बाहेरच्या डिस्कवर एक अक्षर गेलेलं नसतं. उपाय एका ओळीचा आहे. स्क्रिप्टच्या, म्हणजे आज्ञा ओळीने लिहून ठेवलेल्या फाइलीच्या, सुरुवातीला 'माउंटपॉइंट -क्यू' आणि फोल्डरचा पत्ता लिहायचा. डिस्क जोडलेली नसेल तर ही आज्ञा अपयशाचा आकडा देते, आणि तो आला की स्क्रिप्टने तिथेच थांबायचं.

आता तारखांचा मुद्दा. सोमवारी कुणी चुकून जुन्या मजकुराने नवा लेख पुसला आणि ते शुक्रवारी ध्यानात आलं, तर मूळ फाइलीच्या मागोमाग बदलणारी नक्कल काही कामाची नाही. तिच्यातही चुकीचाच लेख असणार. प्रत्येक दिवसाचं वेगळं फोल्डर हवं. रोज सगळं पुन्हा साठवायला जागा कुठून आणायची, याचं उत्तर आरसिंकच्या '--लिंक-डेस्ट' या पर्यायात आहे. कालचं फोल्डर दाखवून दिलं की न बदललेल्या फाइलींची तो नवी प्रत करत नाही, त्याच मजकुराला आजच्या तारखेखाली आणखी एक नाव देतो. याला हार्ड लिंक म्हणतात. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असली तरी जमीन एकच असते, आणि एक नाव कमी झालं म्हणून जमीन नाहीशी होत नाही. त्यामुळे जुनं फोल्डर निर्धास्त काढून टाकता येतं. नव्या तारखांना धक्का लागत नाही. मात्र जमीन एकच असल्याने डिस्कचा तो भाग खराब झाला, तर सगळ्या तारखांमधली ती फाइल एकदमच जाते. तीस तारखांची तीस फोल्डरं दिसली तरी ती एकाच डिस्कवरची एकच प्रत आहे.

दुकानातून आणलेली डिस्क बऱ्याचदा एक्सफॅट प्रकारे फॉरमॅट केलेली असते, आणि एक्सफॅटला हार्ड लिंक ठाऊकच नाही. फक्त लिनक्ससाठी वापरायची असेल तर ती आधी ईएक्सटी४ करून घ्यावी.

आणखी एक सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. बॅकअप चालू असताना फोल्डरचं नाव 'अपूर्ण' ठेवायचं, आणि आरसिंक यशस्वी झाल्यावरच ते बदलून तारीख द्यायची. मग मध्येच लाईट गेली तरी अर्धवट फोल्डर तारखेचं नाव मिरवत बसत नाही.

हे सगळं स्वतः लिहायचं नसेल तर रेस्टिक किंवा बोर्ग वापरा. ही साधनं फाइलींचे तुकडे पाडून सारखे तुकडे एकदाच साठवतात आणि मजकूर कुलूपबंदही करतात. 'रेस्टिक फर्गेट' या आज्ञेला रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा प्रती ठेव असं सांगता येतं. नुसत्या 'फर्गेट'ने जागा मोकळी होत नाही, त्यासाठी '--प्रून' जोडावं लागतं. पासवर्ड हरवला तर बॅकअप कायमचा गेला. तो परत मिळवून देणारं कुणीही नाही.

घड्याळाच्या हवाली

क्रॉन हा युनिक्सचा, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजाचा, जुना पहारेकरी; ठरल्या वेळी आज्ञा चालवणं हे त्याचं काम. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता. आज लिनक्सवर जो दिसतो त्याचं मूळ बहुतांशी पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनमध्ये आहे. 'क्रॉनटॅब -ई' म्हटलं की यादी उघडते. एका ओळीत पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. '३० २ * * *' आणि पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता, म्हणजे रोज रात्री अडीच वाजता. चांदणी म्हणजे कोणतंही चालेल. वारात ० म्हणजे रविवार, ७ म्हणजेही रविवार.

'क्रॉनटॅब -एल' यादी दाखवते. 'क्रॉनटॅब -आर' सगळी यादी पुसते, आणि सहसा विचारतही नाही. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी आहेत. म्हणून 'क्रॉनटॅब -एल'ची एक प्रत फाइलीत ठेवा आणि ती फाइल बॅकअपमध्येच घाला.

हाताने चालणारी आज्ञा क्रॉनमध्ये चालत नाही, ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. तुम्ही टर्मिनल उघडता तेव्हा आज्ञा कुठे कुठे शोधायच्या याची लांब यादी तयार असते. क्रॉनकडे ती अगदी तोकडी असते. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये प्रत्येक आज्ञेचा पूर्ण पत्ता द्यावा. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन तिथे ओळ तोडतो. फाइलीच्या नावात तारीख घालायला हेच चिन्ह लागतं, म्हणून ते काम क्रॉनच्या ओळीत न करता स्क्रिप्टच्या आत करावं. आणि महिन्याचा पहिला रविवार गाठायला '३० २ १-७ * ०' लिहू नका. तारीख आणि वार दोन्ही दिले की क्रॉन त्यांतलं कोणतंही एक जुळलं तरी धावतो. ही ओळ १ ते ७ तारखांना रोज चालेल आणि शिवाय दर रविवारीही.

सर्व्हर भाड्याने घेतलेला असेल तर त्याचं घड्याळ पाहून घ्या. पुष्कळदा ते यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथे '३० २' लिहिलं की पुण्यात सकाळचे आठ वाजलेले असतात. आपली रविवारची पहाट अडीचची वेळ हवी तर तिथे शनिवार रात्री नऊ लिहावं लागतं, वारसुद्धा बदलतो.

आता पेठेतल्या कार्यालयाकडे परत येऊ. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी मेन स्विच बंद करूनच कुलूप लावतात. मग रात्री अडीचला संगणकच बंद. मग दुपारी दीड बरा, एक ते चार माणसंही नसतात. पण गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं आणि दुपारी वीज नसली, तर क्रॉन ती वेळ चुकवतो आणि विसरतो. पुढची वेळ थेट उद्याची.

यासाठी दोन सोयी आहेत. जुनी म्हणजे अनॅक्रॉन, जो घड्याळाची वेळ न बघता शेवटचं काम होऊन किती दिवस झाले ते बघतो. आणि सध्याच्या बहुतेक लिनक्सवर असणारे सिस्टिमडीचे (संगणकावरची कामं सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचे) टायमर. त्यात दोन छोट्या फाइली लिहाव्या लागतात. काय करायचं ती सर्व्हिस, केव्हा करायचं तो टायमर. टायमरमध्ये 'ऑनकॅलेंडर'पुढे वेळ आणि 'पर्सिस्टंट=ट्रू' लिहिलं, की चुकलेली वेळ संगणक पुन्हा सुरू झाल्यावर लगेच भरून काढली जाते. वेळेपुढे 'एशिया/कोलकाता' लिहिण्याचीही मुभा आहे, म्हणजे साडेपाच तासांचं गणित नको. छोट्या कार्यालयासाठी मी टायमरच सुचवेन.

चालू कामावर ताबा

टायमरचा मोठा फायदा हा की सगळं विचारता येतं. 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स' म्हटलं की पुढची वेळ कोणती आणि मागचं काम केव्हा झालं, दोन्ही एका ओळीत. 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट' आणि पुढे सर्व्हिसचं नाव दिलं की बॅकअप आत्ताच सुरू. मोठं काही करण्याआधी, उदाहरणार्थ सिस्टिम अपडेटच्या आधी, हे एकदा करावंच. 'जर्नलसीटीएल -यू' आणि सर्व्हिसचं नाव, म्हणजे तिने आजवर काय काय नोंदलं ते.

थांबवण्यात एक फरक पक्का ध्यानात ठेवायला हवा. सर्व्हिस थांबवली तर चालू असलेला बॅकअप थांबतो, पण उद्या टायमर तो पुन्हा सुरू करणारच. टायमर थांबवला तर पुढच्या फेऱ्या थांबतात, पण चालू असलेली फेरी चालूच राहते. शिवाय टायमर 'एनेबल' केलेला असेल तर नुसतं 'स्टॉप' संगणक पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतं. कायमचा बंद करायला 'डिसेबल --नाऊ' लागतं. क्रॉनमध्ये ओळीच्या आरंभी हॅशचं चिन्ह टाकलं की पुढच्या फेऱ्या थांबतात, पण चालू काम वेगळं शोधून थांबवावं लागतं. तेव्हा साधं 'किल' वापरा, 'किल -९' नको. साध्या 'किल'ने प्रोग्रामला आवराआवर करायला वेळ मिळतो.

एक फेरी लांबली आणि दुसरीची वेळ झाली तर? सिस्टिमडी चालू असलेली सर्व्हिस दुसऱ्यांदा सुरू करत नाही. क्रॉन मात्र करतो, आणि दोन आरसिंक एकाच फोल्डरवर भिडतात. क्रॉनच्या ओळीत आज्ञेच्या आधी 'एफलॉक -एन' आणि एका कुलूप-फाइलीचा पत्ता दिला, की आधीची फेरी संपली नसेल तर नवी मुकाट्याने परत जाते. दिवसा बॅकअप घ्यायचा असेल तर 'नाइस'ने त्याचा प्रोसेसरवरचा भार आणि '--बीडब्ल्यूलिमिट'ने इंटरनेटवरचा भार कमी ठेवता येतो.

विंडोजवर हीच कामं 'एससीएचटास्क्स' करतं: क्रिएट, रन, एंड, क्वेरी. मॅकवर टाइम मशीनसाठी 'टीएमयूटिल' आहे: स्टार्टबॅकअप, स्टॉपबॅकअप, लेटेस्टबॅकअप.

काही कळलं नाही म्हणजे झालं, असं नव्हे

प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते, त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे काम झालं. आरसिंकचा २३ म्हणजे काही फाइली जाऊ शकल्या नाहीत; २४ म्हणजे यादी केल्यानंतर काही फाइली मुळातूनच नाहीशा झाल्या, जे चालू सर्व्हरवर होतंच. २४ सोडून देता येतो, २३ नाही. विंडोजच्या रोबोकॉपीचा हिशेब निराळा आहे: तिथे १ म्हणजे फाइली नीट गेल्या, आणि ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच बिघाड. 'शून्य नाही म्हणजे फसलं' असा नियम तिथे लावला तर रोज खोटी बोंब होईल, आणि रोजच्या बोंबेकडे माणसं लवकरच दुर्लक्ष करू लागतात.

वर्गणीदारांच्या डेटाबेसचं उदाहरण जवळून पाहू. डेटाबेसच्या फाइली चालू असताना तशाच कॉपी करू नयेत; 'मायएसक्यूएलडम्प'ने त्याचा मजकूर बाहेर काढतात आणि तो दाबून लहान करणाऱ्या 'जीझिप'कडे सोपवतात. समजा पासवर्ड बदलला आणि डम्प पहिल्याच क्षणी फसला. जीझिपच्या हाती काहीच येत नाही. ते शून्य मजकूर दाबून एक व्यवस्थित फाइल बनवतं आणि यश नोंदवतं. आज्ञांच्या साखळीचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या आज्ञेचा कोड, म्हणून स्क्रिप्टलाही सगळं आलबेल वाटतं. फोल्डरमध्ये रोजच्या तारखेची फाइल दिसते, फक्त तिचा आकार असतो २० बाइट. बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ओ पाइपफेल' लिहिलं की साखळीतल्या कुठल्याही आज्ञेचं अपयश वर येतं. ही ओळ लिहा, आणि तरीही फाइलीचा आकार तपासा.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत, जे घडलं ते मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. रात्री उशिरा काम करताना एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं. बॅकअप शोधायला गेले तर साठ्यात काहीच नव्हतं. डेटाबेस होता पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि डम्प काढणारं साधन चालत होतं ९.२ चं, त्यामुळे ते प्रत्येक वेळी फसत होतं. फसल्याचे ईमेल क्रॉन पाठवत होता, पण डीमार्कच्या, म्हणजे ईमेल खऱ्या पत्त्यावरून आलं का हे तपासण्याच्या, नियमात न बसल्याने ते परत फेकले जात होते. शेवटी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीवरून, काम सावरलं. मधल्या काळातला डेटाबेसमधला मजकूर गेला. हे सगळं त्यांनी स्वतःच सविस्तर जाहीर केलं, त्याबद्दल आपण ऋणी असायला हवं.

यातून जी व्यवस्था निघते ती अशी. फसल्यावर निरोप येईल यावर विसंबू नका. निरोप पाठवणारंच बंद पडू शकतं. यशाचा निरोप रोज यायला हवा, आणि तो न येणं हीच धोक्याची घंटा मानायला हवी. ती घंटा वाजवणारा दुसरा संगणक असावा. सकाळी नऊला तो 'फाइंड'ने पाहील: गेल्या पंचवीस तासांतली, ठरलेल्या आकाराहून मोठी फाइल आहे का? नसेल तर फोनवर निरोप. दिवाळी अंक छपाईला जाताना कुणी टायमर बंद केला आणि परत चालू करायचा राहून गेला, तरी हे दुसऱ्या दिवशी पकडलं जातं.

इमारतीबाहेरची प्रत

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगरात घरं बुडवली. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी आलं. संगणकाशेजारच्या डिस्कला या कशातही वेगळं नशीब मिळणार नाही. निदान एक प्रत दुसऱ्या इमारतीत किंवा भाड्याच्या साठ्यात हवी, कुलूपबंद करून. आणि कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसच्याही आवाक्यात असते. तो आधी मूळ फाइली बिघडवतो, मग जोडलेला बॅकअप. म्हणून बाहेरच्या संगणकानेच येऊन डेटा ओढून न्यावा आणि कार्यालयाच्या संगणकाला तिथे लिहायची परवानगी नसावी, ही रचना बरी. बोर्गमध्ये फक्त भर घालू देणारी, पुसू न देणारी सोयही आहे.

आणि रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून फाइली परत काढणं. 'रेस्टिक चेक' साठ्याची रचना तपासतं. '--रीड-डेटा' दिलं तर प्रत्येक तुकडा वाचून पाहतं. ते ठरावीक काळाने चालवावं, पण त्याने समाधान मानू नये. महिन्यातून एकदा दुसऱ्याच संगणकावर, रिकाम्या फोल्डरमध्ये, गेल्या आठवड्यातल्या एका तारखेचा बॅकअप काढावा. जुन्या अंकाची न बदललेली पानं 'शा२५६सम'ने (ही आज्ञा फाइलीचा ठसा काढते) मूळ पानांशी ताडून पाहावीत, मुखपृष्ठ उघडून डोळ्यांनी बघावं, डेटाबेस चढवून वर्गणीदार मोजावेत. किती वेळ लागला तो लिहून ठेवावा. इंटरनेटवरून सगळा डेटा उतरवायला दोन दिवस लागणार असतील तर ते आजच कळलेलं चांगलं. हे काम ज्याने बॅकअप लावला त्याने करू नये. कार्यालयातल्या दुसऱ्या कुणाला तरी आज्ञांचा छापील कागद द्यावा, शेजारी बसावं आणि जिथे तो माणूस अडेल तिथे कागद दुरुस्त करावा. पासवर्डचं पाकीट त्या कागदासोबत ठेवू नये. ते बँकेच्या लॉकरमध्ये किंवा मालकांच्या घरी, आणि ते कुठे आहे हे दोघांना माहीत असावं.